ओसाड नगरी आणि शेजारची माणसं

सप्टेंबर १८७१. कार्ल मौख नावाचा एक जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ आज झिम्बाब्वे म्हणतात त्या देशातल्या ग्रेट झिम्बाब्वे नावाच्या एका प्रचंड दगडी कोटापाशी पोचला. चुना नाही, गारा नाही. ग्रॅनाइटच्या चिपा नुसत्या एकावर एक बसवून उभारलेल्या भिंती, काही ठिकाणी अकरा मीटर उंच. एका दारावरच्या तुळईची त्याने ढलपी काढली, हुंगली आणि खिशातल्या शिसपेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली. रंग तोच, वास तोच. पेन्सिल सीडरची, म्हणजे तुळईही सीडरची. सीडर येणार लेबॅननहून. तो आणणार फिनिशियन व्यापारी. त्यांचा व्यवहार सॉलोमन राजाशी, आणि सॉलोमनच्या दरबारी आलेली ती शेबाची राणी. तेव्हा हा वाडा तिचाच असणार! पेन्सिलीच्या वासावरून गडी थेट बायबलात जाऊन पोचला. ती तुळई तिथल्याच रानातल्या झाडाची होती.

चूक तशी साधी आहे, त्या शतकात अशा ढिगाने झाल्या. मला त्यात दिसतं ते वेगळंच. मौखसमोर दोन साक्षी होते: एक लाकडाची ढलपी आणि दुसरी त्या कोटाच्या आसपास शेती करणारी, गुरं राखणारी शोना भाषक माणसं. त्याने ढलपीचं ऐकलं. पुढची पन्नासेक वर्षं इंग्रजी साहसकथा हेच करत राहिली आणि तिच्या वाचकांनी त्या कल्पनेवर एक अख्खा देश चालवून पाहिला. म्हणून माझं म्हणणं असं की हरवलेल्या संस्कृतीची कुठलीही गोष्ट पारखायची झाली तर तिच्यातलं सोनं, देवळं आणि गोऱ्यापान राण्या क्षणभर बाजूला ठेवाव्यात आणि अवशेषांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचं ती गोष्ट काय करते ते पाहावं. कसोटी इंग्रजांना लावायची तशी आपल्यालाही लावावी लागेल. ते शेवटी.

आधी हेन्री रायडर हॅगार्ड. १८७५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत दाखल झाला, सर हेन्री बुल्वर या गव्हर्नराच्या कचेरीत. या बुल्वरांचे काका म्हणजे कादंबरीकार एडवर्ड बुल्वर-लिटन. त्यांनी १८७१ सालीच, म्हणजे मौख पेन्सिल हुंगत होता त्याच वर्षी, जमिनीच्या पोटात राहणाऱ्या एका अतिप्रगत जमातीची कादंबरी लिहिली होती. त्या जमातीकडे 'व्रिल' नावाची सर्वशक्तिमान ऊर्जा असते, तिच्या जोरावर तिथे ना भांडण ना दारिद्र्य, आणि आपल्यापेक्षा खालच्या जमाती पुसून टाकायला तिला काही वाटत नाही. (या लेखकाचे चिरंजीव लॉर्ड लिटन १८७६ ते १८८० हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनने त्यांच्याच कारकिर्दीत सोसला.) थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्कीने १८७७ च्या आपल्या ग्रंथात हे व्रिल जवळजवळ खरं म्हणून घेतलं आणि १८७९ मध्ये ती थिऑसॉफीचं बिऱ्हाड घेऊन मुंबईत उतरली. कादंबरी कुठे संपते आणि धर्म कुठे सुरू होतो हे त्या दशकांत सांगणं अवघडच होतं.

हॅगार्डकडे वळू. १८७७ साली ट्रान्सवाल हे शेजारचं बोअर राज्य खालसा झाल्यावर प्रिटोरियात युनियन जॅक चढवण्यात या तरुणाचा हात होता, अक्षरशः. इंग्लंडला परतल्यावर भावाशी एका शिलिंगाची पैज लागली आणि त्या पैजेतून १८८५ साली 'किंग सॉलोमन्स माइन्स' आली. लंडनभर रातोरात जाहिराती लागल्या, पुस्तक धडाधड खपलं. गोष्ट सांगण्याची हातोटी त्याच्याकडे होती हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याचं पंचांग कच्चं होतं. पहिल्या आवृत्तीत त्याने सूर्यग्रहण घातलं होतं, तेही पौर्णिमेला लागून. पुढे ते निमूटपणे चंद्रग्रहण झालं.

या कादंबरीत डोंगरापलीकडे कुकुआना लोक राहतात. शूर, देखणे, शिस्तीचे. त्यांच्या देशातून एक दगडी राजमार्ग जातो, त्याच्या टोकाला तीन प्रचंड पुतळे आहेत आणि त्यांच्यामागे खाणी. यातलं कुकुआनांनी काहीच बांधलेलं नाही. कोणी बांधलं तेही त्यांना माहीत नाही. माहीत आहे ते फक्त गागूल नावाच्या जख्ख, चेहरा माकडासारखा झालेल्या चेटकिणीला, आणि ती दगडी दाराखाली चिरडून मरते. म्हणजे गावाची स्मृती एका राक्षसिणीच्या डोक्यात कोंबायची आणि तिला मारून टाकायची. त्यानंतर त्या जागेबद्दल बोलायला उरतात फक्त पाहुणे, खिशात हिरे भरून परत निघालेले.

आणि तरी याच पुस्तकात शेवटी एक जागा अशी येते की आपण चपापतो. गोऱ्या मित्रांना निरोप देताना राजा इग्नोसी म्हणतो की यापुढे इथे कुणी गोरा यायचा नाही. बंदुका आणि दारू घेऊन येणारे व्यापारी मला नकोत. लोकांच्या मनात मरणाची भीती घालणारे, त्यांना राजाविरुद्ध उठवणारे आणि मागून येणाऱ्या गोऱ्यांसाठी वाट पाडून ठेवणारे प्रार्थनावालेही नकोत. ट्रान्सवालमध्ये झेंडा चढवणाऱ्या माणसाच्या लेखणीतून हे उतरलं आहे. आधी मिशनरी, मग व्यापारी, मग फौज हा क्रम त्याने जवळून पाहिला होता. पण त्या जाणिवेचं पुढे काय करायचं हे त्याला कळलं नाही, आणि दोन वर्षांनी आलेल्या 'अ‍ॅलन क्वाटरमेन'मध्ये ते पुरतं उघड झालं.

हे पुस्तक आज फारसं कुणी वाचत नाही, पण धर्मराज्याच्या स्वप्नाचा इतका बोलका नमुना दुसरा नाही. तीन इंग्रज आणि उम्स्लोपोगास नावाचा वयस्क झुलू योद्धा एका भुयारी नदीतून वाहत झू-व्हेंडिस नावाच्या देशात पोचतात. आफ्रिकेच्या मधोमध, पण माणसं गोरी! ती आली कुठून यावर पुस्तकात रीतसर चर्चा आहे. फिनिशियन असतील, इराणी असतील, बायबलातल्या इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्या असतील. आफ्रिकन असतील ही शक्यता चर्चेलाही येत नाही. देश सुपीक, कारागीर कुशल, लोक सुखी. राजधानीत सूर्याचं देऊळ आहे, फुलाच्या आकाराचं, सोन्याच्या घुमटाचं. हॅगार्ड त्या देवळाचं वर्णन पानंच्या पानं करतो. त्याच्या सगळ्या लिखाणात इतका भक्तिभाव त्याने क्वचितच ओतला असेल.

आता आगमनाचा प्रसंग बघा. सरोवरात पोचल्याबरोबर हे पाहुणे आपली करामत दाखवायला काठावरच्या गर्दीसमोर पाणघोड्यांचं एक कुटुंब गोळ्या घालून मारतात. ते पाणघोडे सूर्याला वाहिलेले असतात, पुजाऱ्यांच्या देखरेखीतले. लोक हादरतात, महापुजारी अगॉन यांना देवळाच्या भट्टीत टाकायची मागणी करतो. परक्या गावात शिरून देवाची जनावरं मारली तर कोणत्या गावात हार घालतील? पण कादंबरी त्या क्षणापासून अगॉनला खलनायक ठरवून मोकळी होते. त्याचा गुन्हा काय, तर आपल्या धर्माची राखण.

पुढे राणीचा जीव इंग्रज सरदार सर हेन्री कर्टिसवर जडतो, बहिणीबहिणींत युद्ध पेटतं, आणि शेवटी राजवाड्याच्या जिन्यावर उम्स्लोपोगास एकटा पुजाऱ्यांच्या कटाला थोपवतो. मरता मरता तो आपल्या कुऱ्हाडीच्या घावाने तिथल्या पवित्र शिळेचे तुकडे करतो. त्या शिळेबद्दल भाकीत असतं की ती फुटली की परक्या वंशाचा राजा येईल. शिळा फोडतो झुलू. गादीवर बसतो इंग्रज. हॅगार्डने हे उपरोधाने लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच त्यातून त्याच्या मनातली व्यवस्था इतकी स्वच्छ दिसते.

राजा झालेला कर्टिस दोन निर्णय घेतो. परक्यांना या देशात पाऊल ठेवू द्यायचं नाही, कारण बंदुकीची दारू, तारायंत्र, वाफ, रोजची वर्तमानपत्रं आणि सार्वत्रिक मतदान यांनी माणूस तिळभरही जास्त सुखी झाल्याचं त्याला दिसत नाही. आणि पुजाऱ्यांची सत्ता पोखरून काढायची, म्हणजे एक दिवस फुलमंदिराच्या सोनेरी घुमटावर क्रुसाची सावली पडेल. इग्नोसीचं म्हणणं इथे जसंच्या तसं उचललं आहे, फक्त बोलणारा बदलला. युरोपची आगगाडी नको, देव मात्र युरोपचाच हवा. आणि युरोपपासून या स्वर्गाचं रक्षण कोणी करायचं? युरोपातून आलेल्या राजाने.

देव सुंदर, पुजारी दुष्ट, गादी रिकामी. हा साचा नंतरच्या कितीतरी कादंबऱ्यांत सापडतो. याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं देतात की डार्विननंतर इंग्रजांची श्रद्धा डळमळली आणि ती त्यांनी दूरच्या गुहांमध्ये शोधली. खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं नाताळमध्येच घडलं होतं, हॅगार्डच्या कचेरीपासून फार लांब नाही.

जॉन विल्यम कोलेन्सो हा नाताळचा बिशप. मुळात गणिताचा माणूस, शाळांसाठी अंकगणिताची पुस्तकं लिहिलेला. झुलू भाषेत बायबलचा अनुवाद करताना त्याचा सहायक विल्यम न्गिदी याने नोहाच्या जहाजाची गोष्ट ऐकून विचारलं, हे सगळं खरं आहे का? सगळी जनावरं जोडीजोडीने एका जहाजात आली? कोलेन्सोला प्रामाणिकपणे हो म्हणता येईना. मग त्याने मोझेसच्या ग्रंथांतले आकडे गणितज्ञाच्या नजरेने तपासले आणि १८६२ पासून ते छापायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये गहजब झाला. केपटाउनच्या बिशपने त्याला पदच्युत केलं, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. कोलेन्सो तिथेच राहिला, झुलूंच्या बाजूने सरकारशी भांडत राहिला आणि १८८३ मध्ये वारला. हॅगार्ड नाताळात होता तेव्हा हा म्हातारा त्याच गावात जिवंत वाद म्हणून वावरत होता.

एका झुलूच्या साध्या प्रश्नाने इंग्लिश चर्चला घाम फुटतो, ही त्या काळातली खरी साहसकथा. कादंबरीने ती उलटी केली. तिथला झुलू प्रश्न विचारत नाही. तो कुऱ्हाड चालवतो आणि साहेबासाठी मरतो. शंका घ्यायची ती साहेबाने आणि उत्तरही त्यानेच शोधायचं. शेजारच्या माणसाला डोकं आहे एवढं एकदा मान्य केलं की अवशेषांबद्दल त्यालाच विचारावं लागतं, आणि मग सगळी कथाच कोसळते.

'शी' ही हॅगार्डची सगळ्यात गाजलेली कादंबरी मी इथे पटकन सोडून देणार आहे. तिच्यावर फ्रॉइडपासून सगळ्यांनी लिहून झालं आहे. एवढंच म्हणतो की त्यातली दोन हजार वर्षं जगलेली आयेशा लंडनला जाऊन व्हिक्टोरियाला गादीवरून उतरवायचा बेत बोलून दाखवते, आणि पुस्तक प्रसिद्ध झालं १८८७ साली, राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात. आयेशा अर्थातच जळून जाते. आपण दुसऱ्यांच्या देशात करतो तेच कुणी आपल्याकडे येऊन केलं तर, ही भीती त्या काळच्या इंग्रज वाचकाला नीट ठाऊक होती.

हे सगळं तेव्हाच कुणाला दिसत नव्हतं असं मात्र नाही. 'काळाची चूक होती, तेव्हा सगळेच तसं लिहायचे' हा बचाव मला म्हणूनच पटत नाही. सॅम्युएल बटलर न्यूझीलंडमध्ये मेंढ्या पाळून परतलेला माणूस. त्याची 'एरेव्हॉन' १८७२ ची, हॅगार्डच्या तेरा वर्षं आधीची. तिच्यातही डोंगरापलीकडचा अज्ञात देश आहे. तिथे आजारी पडणं हा गुन्हा आणि चोरी हा आजार. तिथल्या 'संगीत बँकां'मध्ये लोक आदराने जातात, तिथलं नाणं घरी आणतात, पण बाजारात ते कुणी घेत नाही. चर्चचं इतकं नेमकं चित्र त्या काळात क्वचितच कुणी काढलं असेल. आणि बटलरच्या निवेदकाला हे लोक कोण वाटतात? इस्राएलच्या हरवलेल्या दहा टोळ्या. परत आल्यावर तो त्यांच्या उद्धारासाठी एक कंपनी काढायची योजना मांडतो. या लोकांना जहाजात भरून क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून न्यायचं आणि तिथे त्यांना ख्रिस्ती करायचं. आत्म्यालाही लाभ, भागधारकांनाही लाभ. हरवलेली संस्कृती सापडली की पुढे काय होतं, हे बटलरने या योजनेत सांगून टाकलं आहे. १९०१ मध्ये काढलेल्या या कादंबरीच्या दुसऱ्या भागात तर तो आणखी पुढे गेला. निवेदक बलूनमधून पळून गेला होता; वीस वर्षांनी परत येऊन बघतो तर त्या उड्डाणावर एक नवा धर्म उभा राहिलेला, देऊळ, पुजारी, ग्रंथ सगळ्यासकट.

दहा टोळ्यांचा हा शोध आपल्या कोकणापर्यंत आला होता. कुलाबा जिल्ह्यात, अलिबागच्या परिसरात पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी आणि म्हणून 'शनिवार तेली' म्हटली जाणारी बेने इस्राएल मंडळी मिशनऱ्यांच्या नजरेस आली, आणि या लोकांचं नातं त्या हरवलेल्या टोळ्यांशी आहे का याचे तर्क सुरू झाले. ही माणसं हरवलेली नव्हतीच. मराठी बोलत होती, नवगावला फुटलेल्या गलबताची आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांची आपली गोष्ट स्वतः सांगत होती. पुढे हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला १९३७ साली. शेजारची माणसं स्वतःचा इतिहास लिहू शकतात, एवढंच. छापखान्यापर्यंत पोचायला त्यांना चाळीस वर्षं लागतात.

आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची १८८८ ची एक कथाही या रांगेतली. दोन भणंग गोरे काफिरिस्तानात राजे व्हायला निघतात. तिथले लोक गोरे, आणि या दोघांतला एक स्वतःला सिकंदराचा मुलगा म्हणवतो. हे दोघं त्यांचे देव बनतात आणि लग्नात नवरी चावते, रक्त येतं, तिथे देवपण संपतं. किपलिंग हॅगार्डपेक्षा चलाख आहे, आपल्या नायकांना तो ओळखून आहे. पण काफिरिस्तान हा खरा प्रदेश होता, हिंदुकुशातला. १८९३ च्या ड्युरँड रेषेने तो जवळजवळ सगळा अफगाण अमिराच्या वाट्याला टाकला आणि १८९५-९६ मध्ये अमीर अब्दुर रहमानने तो जिंकून लोकांचा धर्म बदलला, नावही बदलून नूरिस्तान केलं. कथेतल्या 'हरवलेल्या गोऱ्या भावां'वर हळहळणाऱ्या वाचकांचं सरकार तेव्हा हललं नाही.

आता मौखच्या त्या कोटाकडे. सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने १८९० मध्ये तो मुलूख घेतला आणि लगेच पुढच्या वर्षी थिओडोर बेंट नावाच्या प्रवासी पुरातत्त्वज्ञाला खोदायला पाठवलं. खणलं तर स्थानिक भांडी, स्थानिक हत्यारं. बेंटने निष्कर्ष काढला: बांधणारे अरबस्तानातले प्राचीन लोक. १८९५ मध्ये एक कंपनीच निघाली, भग्नावशेषांतून सोनं शोधायचा परवाना घेऊन. १९०२ पासून रिचर्ड हॉल याने तिथे 'साफसफाई' केली. काफिरांच्या, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांच्या, वस्तीची घाण म्हणून त्याने जे थर उपसून फेकले तेच नेमके बांधणाऱ्यांच्या राहणीचे पुरावे होते. ते पुन्हा मिळणार नाहीत. कादंबरीत गागूल चिरडली जाते. प्रत्यक्षात हॉलचं फावडं चाललं.

आणि हॅगार्ड? १८९६ साली अलेक्झांडर विल्मॉटच्या या प्रदेशावरच्या इतिहासग्रंथाला त्याने प्रस्तावना लिहिली, फिनिशियनांच्या बाजूने. कादंबरीकाराची साक्ष आता इतिहासात. त्याच वर्षी शोना आणि न्देबेले लोक कंपनीविरुद्ध उठले होते. या कोटाशी तुमचा काही संबंध नाही असं ज्यांना सांगितलं जात होतं तीच माणसं लढत होती. त्या उठावाशी जोडलेली नेहांदा ही देवाचं वारं अंगात येणारी बाई १८९८ मध्ये फासावर गेली. शेवटपर्यंत तिने बाप्तिस्मा घेतला नाही. अगॉन आणि गागूल यांच्याकडे मी आता नेहांदाचं नाव मनात ठेवून बघतो.

१९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी नीट उत्खनन करून सांगितलं की हे काम आफ्रिकनांचं आहे, मध्ययुगातलं आहे. अकराव्या ते पंधराव्या शतकांतलं हे शहर, शोनांच्या पूर्वजांचं. सोनं आणि हस्तिदंत किनाऱ्यावरच्या सोफाळ्याकडे जायचं, बदल्यात चिनी भांडी आणि हिंदुस्थानातले काचेचे मणी यायचे. केटन-थॉम्प्सनने काळ ठरवताना या मण्यांचा आधार घेतला. पश्चिम किनाऱ्यावरून मोसमी वाऱ्याबरोबर जाणारा आपला माल तिथल्या मातीत सापडतो ही गोष्ट मला तरी शेबाच्या राणीपेक्षा रंगतदार वाटते. गोऱ्या वसाहतवाल्यांना ती पचली नाही. १९६९ मध्ये ऱ्होडेशियाच्या (हे या देशाचं तेव्हाचं नाव) संसदेत तक्रार झाली की तिथले मार्गदर्शक एकच बाजू सांगतात, आफ्रिकन. दोन्ही बाजू सांगा! स्मारकांची जबाबदारी असलेला पीटर गार्लेक १९७० मध्ये देश सोडून गेला. 'दोन्ही बाजू'ची मागणी नेहमी समतोलासाठीच होते असं नाही; पुरावा एका बाजूला कलला की दुसऱ्या बाजूला तिची फार गरज वाटते. १९८० मध्ये स्वतंत्र देशाने त्याच कोटाचं नाव घेतलं आणि तिथला दगडी पक्षी झेंड्यावर ठेवला.

यावर हमखास येणारं उत्तर: अहो, पोरांची करमणूक होती ती, कशाला एवढं मनावर घेता? घ्यायचं, कारण त्या पोरांचेच पुढे जिल्हाधिकारी आणि कंपनीचे मॅनेजर झाले. पण म्हणून ही पुस्तकं ग्रंथालयांतून काढावीत किंवा बोचणारे शब्द गाळून नव्याने छापावीत, हेही मला मान्य नाही. अगॉनचे पाणघोडे आणि इग्नोसीचा निरोप एकाच लेखकाचे आहेत हे मूळ मजकूर वाचल्याशिवाय कळणार नाही. गुळगुळीत केलेली आवृत्ती तर जास्त घातक, कारण शिव्या जातात आणि साचा तसाच राहतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने 'किंग सॉलोमन्स माइन्स' जरूर वाचावी. शेजारी ग्रेट झिम्बाब्वेचा खरा इतिहास सांगणारं एखादं पुस्तक ठेवावं. मराठीत ते नसेल तर लिहावं.

आता घरचं. ज्या वर्षी हॅगार्डची पहिली गाजलेली कादंबरी आली त्याच १८८५ मध्ये बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम वॉरन यांनी एक ग्रंथ काढला: एदेनची बाग उत्तर ध्रुवावर होती. लोकमान्य टिळकांनी हा ग्रंथ वाचला होता आणि १९०३ च्या आपल्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज'मध्ये त्याचा आधार घेतला. टिळक म्हणजे मौख नव्हेत. ऋग्वेदातल्या लांबलचक उषांचा, सहा महिन्यांच्या दिवसाचा त्यांनी लावलेला अर्थ आज टिकत नसला तरी ती मेहनत मोठ्या बुद्धीची आहे, आणि गुलाम देशाला प्राचीनत्वाचा आधार देण्याची निकडही समजते. पण साचा तोच राहिला. सुवर्णयुग दूर, बर्फाखाली. त्याचे खरे वारस मोजके. आणि इथे आधीपासून राहणारे लोक गोष्टीत नाहीतच. नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ मध्ये टिळकांना विरोध केला तो मूळ घर ध्रुवावर नव्हे, सप्तसिंधूत, एवढ्यापुरता. घराचा पत्ता बदलला, इतकंच.

त्याच्या कितीतरी आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त हीच आर्यांची गोष्ट उलटी मांडली होती. त्यांच्या बळीच्या राज्याचा इतिहास म्हणून पुरावा मागितला तर तोही हाती लागणार नाही. आर्यांच्या स्वारीची कल्पना त्यांनीही युरोपीय पंडितांकडूनच घेतली. पण माझ्या कसोटीला फुले उतरतात. त्यांच्या हरवलेल्या राज्याचे वारस बांधावर उभे आहेत, कुणबी, माळी, महार, मांग, आणि 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' हे वाक्य घराघरांत आधीपासून म्हटलं जात होतं. फुल्यांनी ते आयाबायांच्या तोंडून उचललं.

आणि आज? वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल मोबाईलवर शोधून बघा. परग्रहवासीयांनी बांधलं, अज्ञात यंत्राने कापलं, आजचं तंत्रज्ञानही करू शकणार नाही, असे व्हिडिओ लाखोंनी पाहिले जातात, आणि ते पुढे पाठवणारे बहुतेक आपलेच लोक असतात, अभिमानाने. यात अभिमानाचं काय आहे ते मला समजलेलं नाही. आपल्या पणजोबांना छिन्नी-हातोडा चालवता येत नव्हता, असं सांगणारा तो व्हिडिओ आहे. मौखने शोनांबद्दल जे मानलं ते आपण आपल्याच पाथरवटांबद्दल मानतो, तेही फुकट.

कैलासाचा उल्लेख असलेला एक ताम्रपट बडोद्याला मिळाला आहे, राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्काचा, इसवी सन ८१२ च्या सुमाराचा. कृष्णराजाने एलापूरला बांधवलेल्या मंदिराबद्दल त्यात म्हटलं आहे की विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि म्हणतात, हे स्वयंभूच असणार, हाताने केलेल्या वस्तूला अशी शोभा येत नाही. पुढे येतो खुद्द शिल्पी. तसं दुसरं करायला गेला तर त्यालाही जमेना, आणि तो आश्चर्याने म्हणतो, हे मी केलं तरी कसं! बाराशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या मजकुरात आकाशातून येणारे आहेत, पण ते प्रेक्षक आहेत. काम करणारा जमिनीवर आहे, बोलतो आहे, फक्त त्याचं नाव लिहायला प्रशस्ती रचणाऱ्या कवीला सुचलेलं नाही.